मुलांच्या कानी काय पडावे, हे कोणी ठरवावे?



निफाड तालुक्यातले विंचूर हे कांद्याचे गाव. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार येथे भरतो आणि हंगामात ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. सकाळी ज्या फोनवर शेतकरी कांद्याचा भाव पाहतो, तोच फोन संध्याकाळी त्याच्या पोराच्या हातात असतो. भाव पाहताना बाप दहादा खात्री करून घेतो. पोरगा काय पाहतो आहे याची खात्री मात्र घरात सहसा कोणी करीत नाही. आणि करायची म्हटली, तर ती करायची कोणी? आईने, बापाने, गुरुजींनी, ग्रामपंचायतीने, की सरकारने?

हा प्रश्न फोनबरोबर आला असे आपण धरून चालतो. पण तो तितका नवा नाही. छापील पुस्तक आले तेव्हा तो निघाला, सिनेमा आला तेव्हा निघाला, रेडिओ आला तेव्हाही निघाला. दर खेपेला कोणी ना कोणी पुढे येऊन म्हणाले, "आम्ही ठरवतो." त्यांनी काय ठरवले आणि त्यातून काय निपजले, हे आज आपण पाहू. ही हकीकत बहुतेक आपल्याच मुलखात घडलेली आहे.

छापखान्याच्या आधीच्या काळापासून सुरुवात करू. तेव्हा गावातल्या मुलाच्या कानी पडायची ती आजीची गोष्ट, कीर्तन, भारूड, पोवाडा आणि जत्रेतला तमाशा. कीर्तनाला लेकराला मांडीवर घेऊन बसायचे. तमाशाला जायचे नाही अशी ताकीद असायची, आणि पोरे कनातीमागून डोकावायचीच. म्हणजे ठरवणारे होते घर आणि गाव. जुनी माणसे म्हणतात, "तेव्हा बरं होतं हो, सगळ्या गावाचा पोरांवर डोळा असायचा." हे म्हणणे खरे आहे, पण अर्धेच. कारण तोच डोळा मुलीच्या हाती पाटी येऊ देत नव्हता.

१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर लोकांनी शेण आणि चिखल फेकला. फेकणारे काही परके नव्हते. मुलींनी काय वाचावे आणि काय वाचू नये हे ठरवण्याचा हक्क आपलाच आहे, असे मानणारी ती वडीलधारी मंडळी होती. त्यानंतर आठ वर्षांनी, १८५६ साली, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारण्यात आला. एका मुलाला घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील, अशी भीती पुढे करण्यात आली आणि मुंबई सरकारनेही त्या वेळी तीच बाजू उचलून धरली. सरकारी खर्चाच्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत, हे धोरण १८५८ साली जाहीर झाले. ते शाळेच्या उंबरठ्याच्या आत यायला मात्र पुढे कितीतरी वर्षे लागली.

म्हणून आज कोणी म्हणाले की, "मुलांचे काय ते आईबाप आणि गाव बघून घेतील, बाकीच्यांनी लक्ष घालू नये," तर त्याला हा इतिहास सांगावा लागेल. आईबापांची माया खरी असते; पण मायेच्या पोटी भीती असते आणि भीतीच्या पोटी रूढी असते. वडीलधाऱ्यांच्या हाती सगळी सत्ता दिली, तेव्हा कित्येक लेकरांच्या वाट्याला अंधारच आला.

मग सरकारच्या हाती द्यावी काय? तेही करून पाहिलेले आहे.

१८२२ साली मुंबईत शाळा आणि शाळापुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. तिच्या आश्रयाने मराठीत मुलांसाठी पुस्तके छापू लागली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' ही १८२८ सालची पुस्तके त्या काळातली. मराठी मुलाच्या हाती त्याच्यासाठी म्हणून तयार केलेले छापील पुस्तक आले ते असे. त्याचे श्रेय नाकारू नये. पण पुढे सरकारी विद्याखाते झाले आणि शाळेत काय वाचायचे हे इंग्रज अधिकारी ठरवू लागले. मराठी क्रमिक पुस्तके मेजर कँडी या साहेबाच्या नजरेखालून जाऊ लागली. पुस्तक शुद्ध झाले, नेटके झाले. पण ते कोणासाठी आहे हे ठरवताना नांगराच्या मागे चालणाऱ्याला कोणी विचारले नव्हते.

हे नेमके जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले. शेतकऱ्याच्या मुलाला मोडी आणि बाळबोध लिहिता-वाचता यावे, हिशेब यावा, इतिहास-भूगोल आणि व्याकरण कळावे, त्याबरोबरच शेतीचे, नीतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान मिळावे, असे त्यांचे म्हणणे होते. यातली खुबी ध्यानात घ्या. काय वाचू देऊ नये याची यादी जोतीरावांनी दिली नाही. मुलाला काय मिळायला हवे आणि ते अजून मिळत नाही, हे त्यांनी सांगितले. आपण मात्र अजूनही या प्रश्नाकडे नकाराच्या बाजूनेच पाहतो.

सरकारच्या नकाराची गोष्टही आपल्या जिल्ह्यात घडली आहे, आणि तिचा एक धागा विंचूरपर्यंत येतो. विंचूर हे पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या घराण्याचे जहागिरीचे गाव. या घराण्याचा पुण्यातही वाडा होता. लोकमान्य टिळक त्या विंचूरकर वाड्यात राहत असत आणि १८९४ साली तेथे त्यांनी सार्वजनिक गणपती बसवला. गणेशोत्सवाबरोबर मेळे आले. शाळकरी वयाची पोरे ढोल-झांजांच्या तालावर पदे म्हणू लागली. त्या पदांत देव होता तसा देशही होता. शाळेच्या पुस्तकात जे नव्हते, ते मुले चौकात गाऊ लागली.

नाशिकला १९०० च्या सुमारास सावरकर बंधूंच्या पुढाकाराने मित्रमेळा निघाला. कवी गोविंद त्यासाठी गाणी रचीत. सरकारला हे खपणारे नव्हते. १९०७ साली विद्यार्थ्यांनी राजकीय सभांना जाऊ नये असे सरकारी फर्मान निघाले आणि १९०९ साली गाण्यांचे पुस्तक छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गाण्यांच्या पुस्तकाला जन्मठेप! त्याने मुलांच्या ओठांवरची गाणी थांबली का? नाही थांबली. उलट जे गाणे चौकात म्हटले जायचे, ते माजघरात म्हटले जाऊ लागले.

याच नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये एका राजकैद्याने अवघ्या पाच दिवसांत एक पुस्तक लिहून काढले. ते कैदी म्हणजे साने गुरुजी आणि पुस्तक 'श्यामची आई'. मराठी घराघरांतून मुलांच्या हाती जे पुस्तक आईबापांनी विश्वासाने दिले, ते सरकारने कोंडून ठेवलेल्या माणसाच्या लेखणीतून उतरलेले होते. मुलांसाठी काय चांगले हे सरकारी शिक्क्यावरून कळत नाही, याला यापेक्षा जवळचा दाखला नाशिककरांना कोणता द्यावा?

आता सिनेमाकडे वळू. ही कलाही आपल्या जिल्ह्याने देशाला दिली. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढे आला. त्यात रोहिदासाचे काम त्यांच्या मुलाने केले होते. पुढे त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन' या चित्रपटात बाळकृष्ण झाली ती त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी. म्हणजे भारतीय सिनेमा जन्मला तोच मुलांना कडेवर घेऊन. पण थोड्याच वर्षांत मुलांना सिनेमापासून वाचवा असा ओरडा सुरू झाला. १९१८ साली चित्रपटांचा कायदा झाला आणि तपासणी मंडळे आली. १९२७ साली रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. चित्रपटाचा लहान मुलांवर काय परिणाम होतो, हेही तिने साक्षीदारांना विचारले.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली नवा कायदा झाला. सर्वांसाठी एक आणि फक्त प्रौढांसाठी एक, अशी दोन प्रकारची प्रमाणपत्रे त्यात होती. तेवढ्याने लोकांचे समाधान झाले नाही. १९५४ साली दिल्लीच्या सुमारे १३ हजार स्त्रियांनी पंतप्रधान नेहरूंकडे अर्ज केला की, सिनेमामुळे मुले बिघडत आहेत, काहीतरी करा. १९५६ साली संसदेने मुलांना हानिकारक अशा प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. गुन्हे, मारधाड आणि क्रौर्य यांनी भरलेल्या चित्रकथा मुलांच्या हाती पडू नयेत, हा त्याचा हेतू. या मातांची काळजी खोटी होती असे कोण म्हणेल? पण याच सुमारास, १९५३ साली, आचार्य अत्र्यांनी 'श्यामची आई'वर चित्रपट काढला आणि १९५४ साली त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. ज्या पडद्यापासून मुलांना वाचवायचे म्हणत होतो, त्याच पडद्यापुढे आयाबाया मुलांना घेऊन बसल्या आणि मायलेकांनी मिळून डोळे पुसले. तेव्हा दोष पडद्याला द्यायचा की पडद्यावर काय आले त्याला, हे नीट निवडायला हवे.

आता रेडिओची गोष्ट. रेडिओवरूनच ती सांगितली पाहिजे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. माणूस विद्वान, शास्त्रीय संगीताचा भोक्ता. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत होते, म्हणून आकाशवाणीवर त्या गीतांना कात्री लागली. हेतू चांगला होता. शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम वाढले, थोर कलावंतांना आसरा मिळाला, हेही खरे. पण लोकांनी काय केले? त्यांनी रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावले! त्याच वर्षाच्या अखेरीस तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि घरोघरची पोरे बुधवारच्या रात्रीची वाट पाहू लागली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली आणि गाणी पुन्हा घरी आली. दिल्लीत बसून एका माणसाने सगळ्या देशाच्या कानांचे ठरवायचे, हे पाच वर्षांतच अवघड होऊन बसले. काटा तेव्हाही ऐकणाऱ्याच्या हाती होता. आज तर तो प्रत्येकाच्या खिशात आहे.

मग काय, कोणीच ठरवू नये? तसे नाही. इतिहासात दुसऱ्या तऱ्हेचाही एक प्रयोग आहे आणि त्यात नाशिक जिल्हा होता. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोत्यांची मंडळे बसवण्यात आली. मूळ कल्पना कॅनडातील शेतकऱ्यांच्या मंडळांची. तिला युनेस्कोची मदत होती आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने तिची पाहणी केली. आठवड्यातून दोनदा पुणे केंद्रावरून कार्यक्रम व्हायचा. गावकरी एकत्र बसून तो ऐकायचे, ऐकून झाल्यावर त्यावर बोलायचे, आणि आपले प्रश्न व शंका केंद्राकडे लिहून पाठवायचे. केंद्र पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तर द्यायचे.

ही मंडळे मोठ्या माणसांची होती, मुलांची नव्हती. तरी त्यातला धडा आपल्या कामाचा आहे. रेडिओ जे बोलतो ते मुकाट्याने गिळायचे नाही आणि भिऊन बंदही करायचे नाही. एकत्र बसून ऐकायचे, मग त्यावर बोलायचे, आणि सांगणाऱ्याला उलट प्रश्न विचारायचा. गावाने ठरवण्याची ही रीत सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकणाऱ्यांच्या रीतीहून अगदी वेगळी होती.

आता अलीकडे येऊ. २०२० साली करोनामुळे शाळा बंद पडल्या आणि गुरुजीच फोनमधून बोलू लागले. ज्या फोनला आपण हात लावू देत नव्हतो, तो आपणच मुलांच्या हाती दिला. शाळा पुन्हा भरल्या, पण फोन काही हातातून सुटला नाही. तेव्हा २०२२ साली सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने एक तोड काढली. १४ ऑगस्टला गावातल्या बायकांची सभा झाली आणि भोंगा घ्यायचे ठरले. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की, साडेआठपर्यंत घरातला टीव्ही आणि फोन बंद ठेवायचा आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे. आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन लोकांना समजावू लागले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्शी या गावच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरायला बंदी करण्याचा ठराव केला.

दोन्ही गावांची तळमळ एकच होती. पण दोन्ही ठरावांत एक फरक आहे. बान्शीचा नियम फक्त मुलांना लागू होता. वडगावचा भोंगा वाजला की आजोबांची मालिका बंद, बापाचा फोन बंद आणि पोराचा खेळही बंद. मोठ्यांनी जो नियम स्वतःला लावून घेतला, तो मुलांना अन्याय वाटत नाही. शिवाय तो नियम दीड तासाचा होता, आणि एक दार लावताना पुस्तकाचे दुसरे दार उघडत होता.

दोनशे वर्षांच्या या हकीकतीतून मला एक कसोटी सापडते, ती तुमच्यापुढे ठेवतो. मुलांवर कोणतीही बंदी घालण्याआधी तिला तीन प्रश्न विचारावेत. पहिला : ही बंदी मुलाच्या भल्यासाठी आहे की आपल्या सोयीसाठी? दुसरा : ती मुलगा आणि मुलगी दोघांना सारखी आहे का, आणि तिचा काही भाग मोठ्यांनीही उचलला आहे का? तिसरा : जे काढून घेतो, त्याच्या जागी काय देतो? १८४८ ची पुण्यातली बंदी या तिन्ही प्रश्नांत नापास होते. धारवाडची नापास होते. नाशिकची गाण्यांवरची बंदी सरकारच्या सोयीसाठी होती, म्हणून तीही नापास होते. वडगावचा भोंगा पास होतो. आणि आज ज्या घरात दादाला फोन आणि ताईला मात्र 'तुला कशाला हवा?' असे उत्तर मिळते, त्या घराने आपले गुण स्वतःच मोजावेत.

कोणी म्हणेल, "मग सरकारला काहीच काम नाही का?" आहे, आणि मोठे आहे. आजवर ठरवणारे आपल्याला दिसत तरी होते. आईबाप, पंच, साहेब, मंत्री यांच्याशी भांडता येत होते. आज मुलाच्या डोळ्यांपुढे पुढचे चित्र कोणते यावे हे दूरदेशीच्या कंपनीचे यंत्र ठरवते, आणि त्याला मुलाचे भले-वाईट कळत नाही, मूल किती वेळ खिळून राहिले तेवढेच कळते. त्या कंपनीला एकटा बाप जाब विचारू शकत नाही. ते काम कायद्याचे. आपल्या संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यावी आणि मुलांच्या मागावर राहून त्यांना जाहिराती दाखवू नयेत, अशी त्यात तरतूद आहे. त्याच वर्षी चित्रपट कायद्यात दुरुस्ती होऊन पालकांच्या देखरेखीखाली पाहण्याच्या चित्रपटांना ७, १३ आणि १६ वर्षे अशा पायऱ्या केल्या. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवू न देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. हा शेवटचा उपाय कितपत लागू पडेल यावर मतभेद आहेत. पण जाब मुलाला न विचारता विकणाऱ्याला विचारायचा, ही दिशा ठीक आहे.

सरकारचे दुसरे काम देण्याचे. २७ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली आणि १९७१ साली तिने मुलांसाठी 'किशोर' मासिक सुरू केले. चांगले काही मुलाच्या हाताशी असले, तर वाईटाला अर्धी जागा आपोआप कमी पडते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुम्हांला एक विनंती. आठवड्यातून एक तास १९५६ च्या श्रोतृमंडळासारखा ठेवा. मुलांनी फोनवर पाहिलेली एखादी बातमी वर्गात घ्या आणि विचारा : हे कोणी सांगितले? त्याला कसे कळले? सांगण्यात त्याचा फायदा काय? खरे की खोटे हे आणखी कोठे पाहता येईल? बातमी खोटी निघाली तर मुलांना ती स्वतः शोधू द्या.

आणि आईबापांनो, पोराच्या शेजारी बसा. पाच वर्षांच्या लेकराचे सगळे तुम्हीच ठरवा. त्यात संकोच नको. दहा वर्षांच्या मुलाला कारण सांगून ठरवा. पंधरा वर्षांच्या मुलीला बरोबर घेऊन ठरवा. अठराव्या वर्षी ती मतदान करणार आहे. देशाचे ठरवायला लागण्याआधी स्वतःचे ठरवण्याची सवय तिला कुठेतरी लागायला हवी ना? ग्रामसभेत हा विषय निघाला, तर आठवी-नववीच्या चार मुलामुलींनाही बसायला सांगा आणि त्यांचे म्हणणे आधी ऐका. ठराव त्यानंतर लिहा.